दोन हिवाळ्यांचं लोखंड

५ सप्टेंबर १९८८, सोमवार

आज धाकट्या मालकांनी वर बोलावलं. मला वाटलं निवृत्तीचे कागद असतील, मार्चला साठ पुरी होतात. तसं काही नव्हतं. येत्या दहा नोव्हेंबरला तोचिकुरा कारखान्याला साठ वर्षं होणार, त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कारखान्याच्या इतिहासाचं पुस्तक पडलं पाहिजे, आणि ते मी लिहायचं. "काझामा, तुमच्याइतकं जुनं खोड आता दुसरं कोण उरलंय?" म्हणाले. आमच्याकडे अशा वेळी नाही म्हणत नाहीत. कमरेत वाकलो, आभार मानले, आणि जिन्यात आल्यावर कठडा धरून उभा राहिलो.

फोटोंची तीन खोकी दिली आहेत. वर एक अट. शोवा छत्तीस, म्हणजे इंग्रजी एकसष्ट सालचं प्रकरण त्यात आलंच पाहिजे. त्या साली गिऱ्हाइकाने परत पाठवलेले अकरा लेथ थोरल्या मालकांनी सगळ्या कामगारांसमोर हातोड्याने फोडले होते. धाकटे मालक म्हणाले, तेच आपल्या कारखान्याचं नाक आहे.

घरी येऊन बायकोला, फुमिएला सांगितलं. ती लोणच्यासाठी वांगी चिरत होती. "म्हणजे छत्तीस साल पण लिहावं लागणार," एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. रात्री जेवताना वांगी खारट लागली. तिचंही आता वय झालं.

१२ सप्टेंबर, सोमवार

पहिली तीन प्रकरणं भराभर झाली. थोरल्या मालकांनी एका शेडमध्ये दोन माणसांवर कसं सुरू केलं, युद्धात आमचं नागाओका शहर जळालं तेव्हा छप्पर गेलं पण मशीनं कशी वाचली, असलं सगळं. आणि अर्थात दोन हिवाळ्यांचा नियम. तो मी छान लिहिलाय. ओतून काढलेलं लोखंड आतून ओढलेलं असतं. त्याचा लगेच लेथचा बेड, म्हणजे खालची लांब बैठक, केला तर वर्षाच्या आत तो कागदाइतका का होईना, वळतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कास्टिंग दोन हिवाळे मागच्या आवारात बर्फाखाली पडून राहायचं. कुठल्या महिन्यात ओतलं ती तारीख त्याच्या कुशीवर रंगाने घातलेली असायची. दोन हिवाळे झाले की मगच ते स्क्रेपिंगला. तिथे मिस्त्री लोक हाताने घासून घासून त्याची पाठ सपाट करायचे, कुठल्याही मशीनला जमणार नाही इतकी.

आज चौथ्या प्रकरणाशी आलो आणि पेन्सिल पुढे सरकेना. इथे तरी खरं लिहितो. सत्तावीस वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

तेव्हा मी नियोजनात होतो, बत्तीस वर्षांचा, भारी शहाणा. मोठी ऑर्डर आली होती. शिलाई मशीनचे भाग करणाऱ्या एका कारखान्याला बारा लेथ हवे होते, उन्हाळ्याच्या आत. आणि दोन हिवाळे झालेली कास्टिंगं आवारात शिल्लक नव्हती. एका हिवाळ्याची बारा होती. मार्चच्या एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी लाल रंगाचा डबा घेऊन मागे गेलो आणि बाराही कुशींवर जुन्या तारखेवर नवीन तारीख मारली. पस्तीसचं चौतीस केलं. रजिस्टरमध्येही तसंच. ऑर्डर वेळेत जाईल, थोरले मालक पाठ थोपटतील, एवढंच डोक्यात होतं. थोपटलीही त्यांनी.

अकरा लेथ गेले, बारावा मागे राहिला. नोव्हेंबरात अकराच्या अकरा परत आले. बेड वळले होते. थोरल्या मालकांनी स्क्रेपिंगचे मुख्य मिस्त्री होन्मा गेनकिची यांना सगळ्यांसमोर विचारलं. होन्मा मिस्त्रींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "काम माझ्या हातचं आहे." त्याच दिवशी त्यांनी आपला स्क्रेपर फडक्यात गुंडाळला आणि गेले. मी तिथेच उभा होतो, पाच पावलांवर.

अजून एक आहे, ते लिहायला जास्त जिवावर येतं. पुढच्या वसंतात माझं लग्न होतं आणि मध्यस्थ म्हणून, म्हणजे आमचे मानलेले आईबाप म्हणून, बसायला होन्मा मिस्त्री आणि त्यांची बायको ठरले होते. मी मध्यस्थ बदलले. कारखान्याच्या व्यवस्थापकाला बसवलं. मिस्त्रींना साधी चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही.

आज पुस्तकात लिहिलेली ओळ अशी: "स्क्रेपिंग विभागाचे प्रमुख होन्मा गेनकिची यांच्या हलगर्जीपणामुळे अकरा यंत्रे सदोष ठरली." अक्षर छान आलंय. माझं अक्षर नेहमीच छान येतं.

२४ सप्टेंबर, शनिवार

सम्राट आजारी आहेत. गावात देवळाची जत्रा रद्द, दुकानांवरचे सणाचे लाल-पांढरे पडदे उतरवले. आपलाही समारंभ रद्द, धाकटे मालक म्हणाले, ना साके, ना ढोल. आता फक्त पुस्तक. म्हणजे सगळा भार माझ्या चोपड्यावरच आला.

त्यांनी चौथं प्रकरण वाचलं. आवडलं त्यांना, पण त्यांचं मन मोठं आहे ना, म्हणाले, "होन्मा अजून जिवंत आहेत म्हणतात. त्यांना बोलवू. साठ वर्षांनंतर आपण एका माणसाला माफ केलं, असं होऊन जाऊ दे. तुम्ही जा, त्यांची परवानगी घ्या, सहीच्या जागी शिक्का घ्या."

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. बॉयलरच्या मागची अडगळ साफ करताना ताडपत्रीखाली एक कास्टिंग सापडलं. ऑर्डर थांबल्यावर पडून राहिलेला बारावा बेड. मला वाटत होतं तो केव्हाच भट्टीत गेला. धाकटे मालक लहान मुलासारखे खूश. म्हणतात, सत्तावीस हिवाळे झोपलेलं लोखंड, जपानात कुणाकडे नसेल. दहा तारखेला होन्मा मिस्त्रींच्या हातून तो घासून घ्यायचा आणि मग दरवाज्याजवळ कायमचा ठेवायचा.

मी जाऊन पाहून आलो. कुशीवरचं लाल चौतीस अजून तसंच आहे.

२५ सप्टेंबर, रविवार

सुट्टी असून कारखान्यात गेलो. पहारेकऱ्याला सांगितलं, पुस्तकासाठी मापं घ्यायची आहेत. खिशात थिनरची बाटली आणि जुना बनियन. अर्धा तास बॉयलरमागे गुडघ्यावर बसून घासलं. रंग जागचा हलेना. त्या काळचा रंगही मेला इमानी. बनियन नुसता गुलाबी झाला, तो येताना कालव्यात टाकला.

साठीला आलेला माणूस, नातू चालायला लागलाय, आणि मी रविवारी चोरासारखा लोखंड पुसत बसतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

फुमिए म्हणाली, कपड्यांना कसला वास येतोय. मी म्हटलं, बसमध्ये कुणीतरी रंगारी शेजारी बसला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग शर्ट धुवायला घेऊन गेली.

२ ऑक्टोबर, रविवार

आज होन्मा मिस्त्रींकडे जायला निघालो. फुमिएने बांबूच्या पानातले सासादांगो, तांदळाचे गोड लाडू, बांधून दिले, मी मागितले नव्हते. वर म्हणाली, "शेवटच्या थांब्यावर उतरा, त्याच्या आधीच्या नको. तिथून पूल लांब पडतो." मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, सगळ्यांनाच माहीत असतं. बायकांना कुठले कुठले रस्ते माहीत असतात.

मी आधीच्याच थांब्यावर उतरलो. मुद्दाम. म्हटलं, चालताना काय बोलायचं ते जुळवू. शिनानो नदीच्या पुलाच्या मधोमध आलो आणि पुढचं पाऊल पडेना. पलीकडे त्यांच्या वाडीतली पर्सिमनची झाडं दिसत होती. परत फिरलो. बसस्टॉपजवळच्या खानावळीत दोन ताटल्या सोबा शेवया खाल्ल्या, भूक नसताना. मग बाकावर बसून सासादांगोही खाल्ले, सगळे. घरी नेऊन काय दाखवणार होतो?

धाकट्या मालकांना फोनवर सांगितलं, होन्मा घरी नव्हते.

फुमिएने विचारलं, आवडले का त्यांना? मी म्हटलं, खूप.

९ ऑक्टोबर, रविवार

भेटलो.

शेवटच्या थांब्यावर उतरलो या वेळी. घर सहज सापडलं. दाराशी करवती टांगलेल्या. सत्तावीस वर्षं ते सुतारांच्या करवतींना धार लावून पोट भरतायत, आता सुतारही विजेवरच्या करवती वापरतात म्हणून काम कमी झालंय. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. सत्त्याहत्तर वय, पाठ वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. पण मला आवाजावरून ओळखलं. "काझामा ना? ये. मागच्या रविवारी पुलावर कोण उभं होतं कोण जाणे, तुझ्यासारखीच मान होती म्हणे, शेजारीण सांगत होती."

मी म्हटलं, नागाओकात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ते हसले नाहीत.

चहा दिला, त्याबरोबर वांग्याचं लोणचं. निळ्या झाकणाची बरणी, थेट आमच्या घरातल्यासारखी. असल्या बरण्या नागाओकात घरोघरी. फुमिएपेक्षा मीठ जरा बेताचं होतं.

मी परवानगीचं सांगितलं. ते म्हणाले, काय लिहिलंस ते वाच. मला वाटलं होतं, ते वाचायला मागतील, मी कागद पुढे करीन आणि दुसरीकडे बघेन. आता मोठ्याने वाचावं लागलं. होन्मा गेनकिची यांच्या हलगर्जीपणामुळे. माझाच आवाज मला ऐकवेना.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "हलगर्जीपणा. शब्द बरोबर आहे." आणि शिक्का काढून उमटवला. शिक्का सरळ पडावा म्हणून अंगठ्याने कागदाची कड चाचपली.

हीच वेळ होती. तोंड उघडलंसुद्धा मी. पण त्यांनीच उठून फडक्यातून एक सरफेस प्लेट काढली, सपाटी तपासायची, पाटीएवढी, त्यांनी घरी स्वतः घासलेली. माझा तळवा तिच्यावर ठेवला. विचारलं, हाताला काय लागतं? मी म्हटलं, गुळगुळीत. "तुला पहिल्यापासून तेवढंच लागायचं," म्हणाले.

निघताना बाराव्या बेडचं सांगितलं. ते एकदम थांबले. "बारावा आहे अजून? पुसला नाही कुणी?" मी म्हटलं, अजून रंधासुद्धा लागला नाही त्याला, घासणार कोण? "येतो," म्हणाले. "पाठ तेवढी रंध्यावर घ्या. बाकी मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

बसमध्ये बसलो आणि हायसं वाटलं. शिक्का मिळाला, त्यांना काही माहीत नाही, आता सगळं मिटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की एक थांबा आधी उतरून घरापर्यंत चालत आलो.

८ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तकं आली. आठशे. निळं कापडी वेष्टन, सोनेरी अक्षरं. पहिलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा ते आपोआप एकशे बाराव्या पानावर उघडलं. कदाचित मीच उघडलं असेल. सातवी ओळ. छापलेली गोष्ट खोडता येत नाही.

फुमिएने चष्मा लावून ते पान वाचलं. पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर पालथी परात ठेवली, जशी पिठावर ठेवतात. मी विचारलं, हे काय? म्हणाली, धूळ बसेल.

१० नोव्हेंबर, गुरुवार

आजच्या आज लिहितो.

सकाळी दहाला सगळे जमले, दोनशेच्या वर माणसं. ढोल नाही, साके नाही, नुसता बार्लीचा चहा. परवाच बारावा बेड रंध्यावर घेऊन पाठ तासून घेतली होती, कूस तशीच ठेवली होती. होन्मा मिस्त्री आले ते सत्तावीस वर्षांपूर्वीचं फडकं घेऊन. त्यातून तोच लांब दांड्याचा स्क्रेपर काढला. धाकटे मालक बोलले, चुका पोटात घालणारा कारखाना वगैरे, आणि मिस्त्रींना वाकून नमस्कार केला. मिस्त्रींनीही केला. मी चौथ्या रांगेत होतो, पुढच्या माणसाच्या खांद्याआड.

मिस्त्रींनी शेंदूर मागितला. तेलात कालवलेला शेंदूर सपाट पट्टीला लावून ती बेडवर फिरवली की उंच जागांवर लाल ठिपके उमटतात, मग तेवढेच घासायचे. पण त्यांनी सुरुवात पाठीकडून केलीच नाही. खाली बसून अंगठा कुशीवरून फिरवला, तारखेवरून. दोनदा फिरवला.

"इथे रंगाचे दोन थर आहेत," म्हणाले.

स्क्रेपरचं टोक आडवं धरून त्यांनी वरचा थर सोलायला घेतला, कांद्याचं साल काढावं इतक्या हलक्या हाताने. माझ्या थिनरला जे अर्ध्या तासात जमलं नाही, ते त्यांनी चार फटक्यांत केलं. लाल चौतीसचा अर्धा भाग तसाच ठेवला, आणि सोललेल्या अर्ध्याखालून जुन्या तारखेचा पांढरा रंग वर आला.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "काझामा, जरा पुढे ये. काय लिहिलंय ते वाच."

मी चौथ्या रांगेत, आणि पुढे मुकादम ओसाकी उभा, चष्मा लावून. पण त्यांना बिचाऱ्यांना ओसाकीचं नाव कुठून माहीत असणार, मीच ओळखीचा. गेलो. लोकांनी वाट दिली.

"वरचं वाच."

"शोवा चौतीस, ऑक्टोबर."

"आता खालचं."

खालचं वाचायला किती वेळ लागला माहीत नाही. "शोवा पस्तीस," मी म्हटलं. "ऑक्टोबर."

आमच्याकडे झाडूवाल्यालाही दोन हिवाळे मोजता येतात. ते लेथ छत्तीसच्या वसंतात बनले होते. पस्तीसच्या ऑक्टोबरपासून एकच हिवाळा होतो. सगळ्यांचं मोजून झालेलं मला त्यांच्या शांततेवरूनच कळलं.

धाकटे मालक पुढे आले. चेहरा पांढरा. पण ते सरळ माणूस, त्यांनीच मला वाट काढून दिली. "ओतशाळेची चूक झाली असेल," म्हणाले. "तारीख चुकून घातली, मग दुसरी घातली. तेव्हाचे ओतशाळेचे प्रमुख आता हयात नाहीत. हो ना, काझामा?"

मान हलायला निघाली होती. खरं सांगतो, निघाली होती. मेलेल्या माणसावर ढकलायचं, किती सोपं. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते, त्यांचा तळवा लोखंडावर होता आणि ते वाट बघत होते.

"वरची तारीख माझ्या हातची आहे," मी म्हटलं. "बाराही माझ्या हातच्या. मिस्त्रींचा काही संबंध नाही."

आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाले? आणि पुढच्यांनी ते मागे सांगितलं. ओळीओळीने ते मागे जाताना मी ऐकत उभा होतो.

मिस्त्री म्हणाले, "बरं. आता शेंदूर दे." मग दोन तास त्यांनी बेड घासला आणि मी शेंदूर लावून देत होतो.

ते नेमकं मलाच वाचायला सांगतील, हा केवढा योगायोग. नाहीतर मी मरेपर्यंत गप्प राहिलो असतो.

१२ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्या मालकांनी वर बोलावून दार लावून घेतलं. दोन दिवस माझ्याशी कुणीच बोललेलं नाही. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलावर मी एकटा. हे मला हवंच होतं असं वाटतं, आणि तरी घास उतरत नाही.

मालक म्हणाले, पुस्तकं छापून झालीत, वाटून टाकू, पान एकशे बारा कोण वाचतंय? आणि तुमचे चार महिने राहिलेत, कशाला नाव घालवता? मी म्हटलं, मला शुद्धिपत्र चिकटवू द्या. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी, स्वखुशीने, माझ्या हाताने. ते बराच वेळ खिडकीतून आवाराकडे बघत होते. "वडील त्या दिवसानंतर हातोडा भिंतीवर टांगून ठेवायचे," म्हणाले. "मला रोज दाखवायचे. याला म्हणतात इमान, असं सांगायचे." मग म्हणाले, करा काय करायचं ते, पण कारखान्याच्या वेळात नाही. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुस्तकं घरी आणली, तीन फेऱ्यांत, ओसाकीच्या ट्रकमधून.

२० नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठी छापून आणली. मजकूर असा:

"पान ११२, ओळ ७. 'स्क्रेपिंग विभागाचे प्रमुख होन्मा गेनकिची यांच्या हलगर्जीपणामुळे' याऐवजी 'नियोजन विभागातील काझामा तेत्सुरो याने कास्टिंगच्या तारखा बदलल्यामुळे' असे वाचावे. होन्मा गेनकिची यांचा यात कोणताही दोष नव्हता."

शेवटचं वाक्य मी मनापासून घातलं. ते लिहिताना सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. फुमिएने वाचलं आणि विचारलं, हे त्यांना विचारलंत? मी म्हटलं, यात विचारायचं काय?

दिवसभर कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून दोघं बसलो. मी चिठ्ठी ठेवायचो, ती भाताच्या खळीने चिकटवायची. तीनशेच्या आसपास तिने सांगितलं, मान वर न करता, जसं बाजारातलं सांगतात.

"छत्तीसच्या मार्चमध्ये तुमच्या शर्टाच्या बाहीला लाल रंग होता. तेव्हा मी कारखान्याच्या धुलाईत होते. तीनदा उकळला, तेव्हा गेला."

आमचं लग्न ठरलेलं होतं तेव्हा. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

"मी म्हणायची, आज सांगतील, उद्या सांगतील. लग्नानंतर मी मिस्त्रींच्या घरी जाऊन तुमच्या वतीने माफी मागून आले. पुढे दर डिसेंबरला लोणचं घेऊन जायची. त्यांची बायको विचारायची, काझामा बरा आहे ना?"

निळ्या झाकणाची बरणी. मी तिथे बसून ते लोणचं खाल्लं आणि मनात म्हटलं, मीठ बेताचं आहे. मला सगळ्या आयुष्यात एवढी शरम वाटली नव्हती, त्या दोनशे माणसांसमोरही नाही. एका बाईने सव्वीस वर्षं माझं तोंड घेऊन माफी मागितली आणि मी तिला रंगाऱ्याची गोष्ट सांगत होतो. मी तिच्यासमोर डोकं टेकवलं. ती म्हणाली, उठा, खळ वाळतेय.

रात्रीपर्यंत आठशे पुरी झाली. पहिली प्रत उद्या टपालाने होन्मा मिस्त्रींना.

४ डिसेंबर, रविवार

आज मोठं बर्फ सुरू झालं. दुपारी पोस्टमन आला. मिस्त्रींनी पुस्तक परत पाठवलंय.

आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, एवढं केलं तरी माफ नाही. मग एकशे बारावं पान उघडलं. शेजारणीने त्यांना वाचून दाखवलं असणार; चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य शेंदराने झाकलेलं होतं. अंगठ्याने फासलेलं, अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या. खाली पेन्सिलीने मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत:

"एवढंच खोटं आहे. रंग ओला होता, माझ्या एप्रनला लागला. दोन हिवाळे बर्फाखाली राहिलेला रंग एप्रनला लागत नाही. शिवाय हाताला कळत होतं, लोखंड कच्चं आहे. तरी मी घासलं. माझ्या लग्नाच्या मुलाचं नुकसान नको म्हणून गप्प बसलो. हलगर्जीपणा हा शब्द बरोबर होता, मी तेव्हाच सांगितलं होतं. तुझं तू लिही. माझं मला ठेव."

माझ्या लग्नाचा मुलगा म्हणजे मी. मध्यस्थ ज्याच्या लग्नात बसणार तो.

मी कितीतरी वेळ ते पान बघत बसलो. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं. ते फसलेच नव्हते. आणि आताही मी काय केलं, चांगुलपणा मिरवायला त्यांना न विचारता त्यांच्या नावावर एक वाक्य मारलं, पस्तीसवर चौतीस मारलं होतं तसंच, आणि ते मारताना मला बरं वाटलं होतं. ते जाणूनबुजून गप्प बसणं, एवढंच या माणसाचं स्वतःचं होतं, आणि मी तेसुद्धा त्याच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

फुमिएने वाचलं. शेगडीवर पातेल्यात पाणी ठेवलं, खळ सोडवायला. आठशे चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या आहेत. तिने विचारलं, आता शेवटच्या वाक्यात काय घालायचं?

मी सांगितलं, मला माहीत नाही. ते काय सांगतात ते घालू.

तिने बरणी फडक्यात बांधून दिली. निळ्या झाकणाची. तीन वाजताची बस आहे, बर्फामुळे उशीर करील. शेवटच्या थांब्यावर उतरायचं.